दीड सेंटिमीटरचा बिबट्या

“सिस्टर, सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण हा हात मी बिबट्याच्या जबड्यातून ओढून काढलाय!”

सिस्टरने म्हाताऱ्याचा तो हात नळाच्या धारेखाली धरला, जखमेवर साबण चोळला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा.

“पंधरा मिनिटं हात काढायचा नाही. बोला, तोवर ऐकते.”

दवाखान्याच्या त्या अरुंद खोलीत दाराला टेकून सून उभी होती. तिने पर्स छातीशी घट्ट धरली होती.

म्हातारा जन्माचा सुतार आणि तितकाच जुना थापाड्या. श्रोता मिळताच दुखणंबिखणं विसरला. सकाळी तो अंगणात दात घासत होता म्हणे. कुंपणावरून बिबट्याने झेप घेतली ती थेट नरड्यावर. याने एक हात आडवा घातला आणि दुसऱ्या हातातला ब्रश त्याच्या नाकपुडीत खुपसला.

“मग?”

“मग काय, शिंकला! शिंकताना तोंड उघडणारच की. हात सुटला.”

सिस्टर हसली नाही. तिने खिशातली छोटी पट्टी जखमेशेजारी धरली.

“दोन सुळ्यांत दीड सेंटिमीटर. आजोबा, बिबट्या काय खेळण्यातला होता?”

“पिल्लू होतं.”

“म्हणजे आई आसपासच असणार. वनखात्याला कळवते. तुमची अख्खी गल्ली बंद करतील.” तिने फोन उचलला.

“अहो थांबा! चष्मा नव्हता डोळ्यांवर. कोल्हाही असेल.”

“सकाळी तर बिबट्याची शपथ घेतलीत,” सून म्हणाली.

“घाईत घेतली.”

सिस्टरने फोन खाली ठेवला. “काहीही असो, सुया टोचणारच. पण कोल्हा पिसाळलेला असू शकतो. तो आता कुठे आहे? घरात आणखी कुणाला चावला? लहान मूल आहे का?”

“नऊ महिन्यांचं. रांगतं,” सून म्हणाली. “सासूबाईंपाशी ठेवून आलेय.”

“कुणाला चावला नाही. रानात पळाला, शेपूट पायांत घालून,” म्हातारा म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं. ही चौथी वेळ.

“हात कसा आडवा घातलात? दाखवा.”

म्हाताऱ्याने कोरडा हात कोपरात वाकवून गळ्यासमोर धरला.

“असं असेल तर दात मनगटावर लागले असते.” सिस्टरने धारेखालचा हात उताणा केला. “हे तळव्यात आहेत. बोटं उघडी होती, आजोबा. काहीतरी भरवत असल्यासारखी.”

“सुताराचा हात उघडाच असतो.”

सून दारापासून सरकून पुढे आली. “बाबा, परवापासून घरात दूध पुरत नाहीये. आणि तुमच्या खोलीतून खरवडल्यासारखा आवाज येतो. विचारलं तर म्हणालात, पलंगाला वाळवी लागलीय.”

“लागलीच आहे.”

“वाळवी एवढ्या मोठ्याने खरवडते?”

“तिची जातच दांडगी.”

कुणीच हसलं नाही.

“सिस्टर, आता काढू का हात?”

“अजून तीन मिनिटं.”

“नको, राहू दे. दहाच्या आत घरी पोचायला हवं मला.”

“दहाला काय आहे?”

म्हातारा धारेखालून हात ओढू लागला.

सुनेने मात्र घड्याळाकडे पाहिलं. दहाच्या ठोक्याला सासूबाई हातात झाडू घेऊन म्हाताऱ्याची खोली उघडत. रोज. आणि त्या जिथे जातील तिथे बाळ मागोमाग रांगत जाई.

तिने पर्समधून मोबाईल काढला, सासूबाईंचा नंबर लावला. कानाशी घंटी वाजत राहिली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची नजर तिने हलवली नाही.

“खोटं बोललात, बाबा,” ती म्हणाली. “तो रानात गेलेलाच नाही. तुमच्या खोलीत आहे.”