डाव्या हँडलचा नारळ

रविवारी सकाळी घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर, पिंपळापाशी, पाय ठेवायला जागा नव्हती. गावातली म्हातारी माणसं, टॉवरमधले ट्रॅकसूटवाले, कल्याणहून रिक्षा करून आलेल्या बायका, सगळे माना उंचावून उभे होते. उताराच्या वरच्या टोकाला उत्तमबुवा आणि बुवांच्या हातात एक सायकल. तिच्यावर बसायला माणूस नव्हता. त्याची गरजच नव्हती म्हणे, सायकल पिंपळावरचा मुंजा चालवणार होता.

गर्दीच्या कडेला निशा उभी होती. ठाकुर्लीच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. गेल्याच आठवड्यात या उतारावर तिच्या वडिलांना, नाथाला, मोटारीनं उडवलं होतं. नाथा वाडीतली भाजी सायकलला लावून टॉवरच्या गेटांवर विकायचा. आता खुबा मोडून इस्पितळात पडला होता. मोटार चालवत होता मयूर, तिचा चुलतभाऊ, भाऊकाकांचा मुलगा.

भाऊकाकांनी जमीन बिल्डरला दिल्यापासून गावकीत त्यांचाच शब्द चालायचा. बुवांना बोलावणं त्यांनीच धाडलेलं. नाथाला मुंज्यानं गाडीसमोर वळवलं हे बुवा दाखवून देणार, मग नाथाची बायको सगुणा गावासमोर म्हणणार की दोष कुणाचाच नाही, आणि पोलिसांतही तेच सांगणार. सगळं आधीच ठरलं होतं.

"भक्तहो," बुवांनी सूर लावला, "हा मुंजा म्हणजे कोवळं पोर! खेळायच्या वयात गेलं. त्याला काय हवं असतं? सायकल! सायकलवाला दिसला रे दिसला, की ती निगेटिव्ह एनर्जी हँडलमध्ये शिरते. मग बिचाऱ्या गाडीवाल्यानं करावं तरी काय?"

"बिचारा गाडीवाला!" निशा दातओठ खात म्हणाली.

बुवांनी लाल फडक्यात नारळ बांधला आणि मुंज्याचा मान म्हणून उजव्या हँडलला लटकवला. भाऊकाकांच्या माणसांनी हात आडवे करून दोन्हीकडची वाहनं अडवली. एका रिकाम्या सायकलसाठी अख्खा रस्ता मोकळा झाला. जिवंत नाथा सायकलवर होता तेव्हा त्याला हातभर जागा कुणी दिली नव्हती. निशाला किळस आली, बुवाची आणि गर्दीचीही.

मंत्र पुटपुटत बुवांनी सायकल ढकलली. आणि ती खरोखरच चालली की! जराशी डुलत, पण सरळ. पिंपळापाशी आल्यावर हलकेच उजवीकडे वळली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन आडवी झाली. गावातल्या म्हाताऱ्या हौसाबाईंनी तिथल्या तिथे रस्त्यावर डोकं टेकलं. बुवांनी पुन्हा सोडली, पुन्हा तेच झालं.

भाऊकाका सगुणाकडे वळले. "वयनी, बगितलंस ना डोल्यांनी? आता सगल्यांसमोर सांग, पोराचा काय दोष नाय. आपलंच घर हाय."

सगुणानं पदर तोंडाला लावला होता. "मना काय समजत नाय," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "खरंच त्यांना मुंज्यानं वलवलं असंल, तर मग पोराला कशाला..."

"आई, थांब!"

सायकल एकटी चालते याचं निशाला नवल नव्हतं. ती दर वेळी उजवीकडेच का वळते, एवढंच तिला कळत नव्हतं. मग तिचं लक्ष नारळाकडे गेलं. गावात नवी गाडी आली की हळदकुंकू, फूल, नारळ, सगळं उजव्या अंगाला. देवाचं काही डाव्या बाजूला लागत नाही. त्यामुळे हा नारळ पलीकडे बांधून बघावा, असं या माणसांच्या मनात जन्मात आलं नसतं. तिच्याही आत्ताच आलं होतं.

तिनं सायकल उतारावर नेली, नारळ सोडला आणि डाव्या हँडलला बांधला.

"अगं, डाव्या हाताला? इटाल होईल!" हौसाबाई ओरडल्या.

"मुंजा कोपेल!" बुवांचा आवाज चिरकला.

"माझ्यावर कोपू दे," म्हणत निशानं सायकल ढकलली.

सायकल सरळ गेली, पिंपळापाशी डावीकडे वळली आणि थेट गटारात पडली. गर्दीत कुणी तरी फिसकन हसलं. निशानं ती बाहेर काढली, नारळ काढून टाकला आणि पिंपळापासून लांब, टॉवरच्या गेटासमोरच्या उतारावर सोडली. तिथेही ती एकटीच चालली आणि वेग संपल्यावर पडली.

"वेग असतो तोवर सायकल जिकडे कलते तिकडे पुढचं चाक आपसूक वळतं आणि तिला सावरतं," निशा म्हणाली. "पिंपळापाशी उतार संपून वेग ओसरला की ओझं ज्या बाजूला, त्या बाजूला ती वळते. कुठलीही सायकल घ्या, कुठलाही उतार घ्या. वळवणारा मुंजा नाही, हा नारळ आहे. आणि बाबांच्या हँडलला नारळ नव्हता."

"विज्ञानाच्या पलीकडेही काही असतं, बाई," बुवा म्हणाले, पण तोवर त्यांचा हात झोळीकडे गेला होता.

मयूरला राहवलं नाही. "पण काका मधे होतेच ना, ताई! मी हॉर्न दिलेला. दोनदा दिलेला! बाजूला का नाय झाले?"

"म्हणजे तुला बाबा दिसत होते," निशा म्हणाली. "पुढे, सरळ चाललेले. म्हणून तर त्यांचं मागचं चाक चेपलंय. आडवे वळले असते तर गाडी सायकलच्या कुशीला बसली असती. तू हॉर्न दाबलास, मयूर. ब्रेक का नाही दाबलास?"

मयूर पुटपुटला, "मला वाटलेलं, सरकतील."

सगुणानं तोंडावरचा पदर काढला. आता तिचा आवाज कापत नव्हता. "भाऊ, तो पोर मनाबी माजाच. पन पोलिसात मी खरं सांगन. मुंज्याचं नाव नाय घेनार."

भाऊकाकांच्या माणसांनी हात खाली केले आणि अडकलेल्या मोटारी हॉर्न वाजवत सुटल्या.

सायकलवाले काही धुतल्या तांदळासारखे नसतात. कुणी विनादिव्याचा येतो, कुणी उलट्या बाजूनं घुसतो, आणि त्याचा जाब त्यालाच विचारायला हवा. पण चूक माणसाची म्हटली तर ती तपासता येते, कबूल करता येते, पुन्हा टाळता येते. भुताच्या माथी मारली की गुन्हेगार कुणीच उरत नाही, मोडलेला माणूस तेवढा उरतो. तेव्हा बाबांनो, पुढे सायकल दिसली तर हात जोडू नका. पाय ब्रेकवर ठेवा.