पडला की पाडला?

माझा थोरला भाऊ पडला की पाडला? हे मी कितीदा विचारलं. पण दातांना उत्तर देतो कोण?

मी कवळीचा खालचा जबडा बोलतोय. वरचा जबडा माझा थोरला भाऊ. दात बनवणाऱ्या कारागिराने एकाच दुपारी दोघांना घडवलं, आधी त्याला, मग मला. स्वभावानेही तो थोरलाच. वरचा जबडा टाळूला घट्ट चिकटून बसतो. खालच्याला धरायला काहीच नसतं, जीभ ढकलते, गाल ढकलतात, आणि जरा काही झालं की तो उसळतो. मी तसाच उतावळा. "दम धर रे," असं भाऊ मला घासाघासाला सांगायचा. शाळा मी पाहिली नाही. मास्तरांच्या तोंडून जे गेलं, तेवढंच शिकलो.

मास्तर म्हणजे शिंपी. दोरा त्यांनी कधी कात्रीने कापला नाही. आम्हा दोघांच्या मध्ये धरायचा आणि कट्. "दात नकली, काम अस्सल," असं गिऱ्हाइकाला सांगायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "साहेब, सदरा उद्या मिळेल, तुम्ही अंग तेवढं आजच्या मापाचं ठेवा." दुकान हसायचं. बत्तिशी दाखवण्यात आमचा हात कोण धरणार?

मास्तरांची बायको गेली, त्यांची नजर मंदावली, दुकान बंद झालं आणि मास्तर मुलाच्या घरी आले. मुलाला मी चिरंजीव म्हणतो. नाव घ्यावं एवढी त्याची लायकी नाही. बाहेर फार गोड. जिन्यात कुणी भेटलं की तोंड भरून सांगायचा, "बाबांचंच बघतो सगळं, मला दुसरं आयुष्यच नाही." कामावर जाताना मात्र बाबांच्या खोलीला बाहेरून कडी. चहात बुडवलेला पाव पुढ्यात टाकायचा. पाणी मागितलं की म्हणायचा, "मग सारखं उठायला लागतं तुम्हाला." खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण हत्तीवर उगाच लादलीय. हत्ती बिचारा जन्मतःच तसा असतो. हा मेहनतीने झाला.

एकदा कडी लावायची राहिली. शेजारच्या काकू दारात दिसल्या आणि मास्तरांनी त्यांना सांगितलं, "हा मला कोंडून जातो. दिवसभर घोटभर पाणी नसतं." स्पष्ट सांगितलं. आम्ही दोघं होतो ना तोंडात. काकूंनी काय करावं? संध्याकाळी चिरंजीवालाच विचारलं, तेही हसत हसत. "बाबा म्हणत होते, तुम्ही कोंडून ठेवता त्यांना. म्हातारपण हो, दुसरं काय." वा काकू. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या ह्याच.

काकू गेल्या आणि चिरंजीव म्हणाला, "द्या दात, धुऊन आणतो." तोवर त्याने कधी आम्हाला हात लावला नव्हता. भावाला काढून नेलं. मी मिटलेल्या तोंडात होतो, दिसलं काहीच नाही. न्हाणीतून फक्त टक् असा आवाज आला. मग चिरंजीवाचा आवाज, "पडला." मग कचऱ्याच्या डब्यात तुकडे पडले, तेही ऐकलं. माझा भाऊ होता तो. मला कोरड्या कपात घालून त्याने फळीवर ठेवलं. एकटा खालचा काय दिवे लावणार?

तेव्हापासून मास्तरांचं बोलणं कुणाला कळेना. आता चिरंजीव सांगायचा, "भ्रम झालाय. काहीबाही बडबडतात." आधी माणसाचे दात काढून घ्यायचे, मग म्हणायचं याचं डोकं गेलं.

मास्तरांचा भाचा भेटायला आला. फळीवरून मला सगळं दिसत होतं.

"मामा, कसे आहात?"

"मजेत," चिरंजीव म्हणाला.

"जेवता ना नीट?"

"दोन्ही वेळ," पुन्हा चिरंजीवच.

"मनगटाला काय झालं?"

"पडले."

भाच्याने मान डोलावली आणि फोनमध्ये डोकं घातलं. अरे शहाण्या, विचारलंस कुणाला आणि उत्तर कोण देतंय? ज्याने जन्मभर लोकांच्या गळ्याची मापं घेतली, त्याच्या कॉलरमध्ये आता मूठ जाते, दिसत नाही? ओठांना भेगा पडल्यात. नखं एवढी वाढलीत की सुई धरता यायची नाही. चिरंजीव नुसता उठला तर मास्तरांनी हात डोक्यावर घेतला. ते तू पाहिलंस. आणि पाहून चिरंजीवाला म्हणालास, "तुझी फार ओढाताण होते रे." डोळ्यांची कवळी मिळत असती, तर तुला एक शिवून नाही, घडवून दिली असती.

मास्तरांच्या पाठीवरची जखम चिघळली आणि वास जिन्यात गेला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांना नाकं असल्याचं कळलं. कुणीतरी दवाखान्यात कळवलं. सिस्टर घरी आली. बेल वाजताच चिरंजीवाने मला कपातून काढलं आणि न धुता मास्तरांच्या तोंडात कोंबलं. तोंड बोळकं दिसू नये म्हणून. हिरड्या आटल्या होत्या, माझीच जागा मला ओळखेना. मास्तरांची कोरडी जीभ मला दाबून धरत होती. मी पडलो तर नंतर मार कुणाला बसेल, हे तिला ठाऊक होतं.

"आजोबा, कुठे दुखतं?"

"काही दुखत नाही त्यांना," चिरंजीव म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

"त्यांना कळत नाही हो."

भाऊ असता तर म्हणाला असता, दम धर. भाऊ नव्हता. मी उसळलो आणि सिस्टरच्या बुटापाशी फरशीवर आदळलो. माझा एक दात उडाला.

"सैल झालाय, पडतो," चिरंजीव म्हणाला.

तिने मला उचललं. मग मास्तरांच्या तोंडात बॅटरी धरून बघितलं. "यांच्याच मापाचा ना हा? मग सैल का झाला? आणि वरचा कुठे आहे?"

"द्या इकडे, धुऊन आणतो," चिरंजीवाने हात पुढे केला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच."

त्या खोलीला पहिल्यांदाच आतून कडी लागली. सिस्टरने मास्तरांना पाणी पाजलं, हळूच त्यांचं मनगट हातात घेतलं. "आजोबा, पडलात की पाडलं?"

मास्तरांच्या तोंडात एकही दात नव्हता. पण प हे ओठांचं अक्षर, त्याला आम्ही लागत नाही. 'पा' म्हणायला तोंड तेवढं मोठं उघडावं लागतं. मास्तरांनी उघडलं.

"पाडलं."

मास्तर आता त्यांच्या धाकट्या बहिणीकडे असतात. दातांचा नवा जोड मिळालाय. मी शेजारीच डबीत आहे, पाण्यात. कधी दोरा तुटल्याचा आवाज येतो. दाताच्या कण्या करून मी तुम्हाला काही सांगणार नाही, ज्यांना बघायचंच नसतं त्यांच्यापुढे ते वायाच. एवढंच सांगतो, प्रश्न म्हाताऱ्याला विचारलात तर उत्तरही त्याच्याकडूनच घ्या, आणि लाडक्या चिरंजीवाला दाराबाहेर उभं करून घ्या.

भाऊ पडला की पाडला, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. माझं मात्र सांगतो. मला कुणी पाडलं नाही. मास्तरांची जीभ मला धरून होती, मी तिचंही ऐकलं नाही. मी पडलो.