चुकीच्या कामाला जुंपलेला प्रोसेसर

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही शर्यतीत पळण्यात पटाईत आहात आणि कोणीतरी तुम्हाला घरभराचे सामान हलवायला लावले. वर तुम्ही दमलात तर म्हणाले, "आळशी कुठला!" राग येईल ना? मलाही येतो.

मी एक जुना प्रोसेसर आहे, संगणकाचा मेंदू. धुळीचा कणही चालत नाही अशा कारखान्यात सिलिकॉनच्या चकतीवर माझा जन्म झाला. माझ्याजवळ सहाच कोर, म्हणजे सहाच हात. पण प्रत्येक हात भलता चपळ. संगणकावरच्या खेळांना असेच हात लागतात. मी त्यासाठीच घडलो.

या घरातली आई व्हिडिओ जोडून फिल्म तयार करते. तिच्या कामाला पुष्कळ हात हवेत. घरात राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने दोन संगणक जुळवले. सोळा कोरांचा प्रोसेसर त्याने स्वतःच्या खेळांसाठी ठेवला, कारण काय, तर आकडा मोठा! मला बहिणीच्या गळ्यात मारले. तिचे काम काय, हे विचारायची तसदी घेतली का त्याने? नाही!

आज मी राबराब राबलो. तापलो, पंखा किंचाळू लागला, तरी फिल्म पुरी होईना.

"संध्याकाळपर्यंत दिली नाही, तर पुढचं काम दुसऱ्याला जाईल रे," आई रडकुंडीला आली.

"ताई, ते डबडं फेकून दे," मामा खेळता खेळता म्हणाला.

डबडे! मी? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

आईच्या मुलीने मात्र दोन्ही पडद्यांवर कोणता कोर किती राबतो ते दाखवणारे आलेख उघडून पाहिले. "मामा, आईचे सहाही घामाघूम झालेत. तुझे दहा-बारा नुसते बसून आहेत!"

"बसू देत की. मोठं असलं की शान असते, बाळा."

"शान तुझी आणि खोळंबा आईचा?"

मामा पुन्हा खेळाकडे वळला.

मुलांनो, प्रोसेसर निवडताना आकड्याला भुलू नका. आधी विचारा, त्याने करायचे काय? आणि कोणाला मंद म्हणण्यापूर्वी, त्याच्यावर तुम्ही काय लादले तेही बघा.

त्या मुलीने पुढे भाषण केले नाही. तिने मामाचा खेळ बंद केला, आईच्या फिल्मची डिस्क त्याच्या संगणकाला लावली आणि त्याची खुर्ची ओढली.

"ऊठ मामा. आई, तू इथे बस."