शालनबाईंनी नाव घेतलं

चिखलीत हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. व्यसनी माणसाच्या घरच्यांना आधार देणाऱ्या कार्यकर्त्या तयार करायचं पाच दिवसांचं प्रशिक्षण. हजेरी माझ्याकडे, म्हणून सांगतो : पटावर बारा बायका, पैकी 'शेजारणीसाठी शिकायला आलेय' म्हणणाऱ्या अकरा. खरं बोलली ती एकटी शालनबाई.

"माझा ओंकार पितो," पहिल्याच दिवशी म्हणाली. "त्याचा बाप पिऊन मेला. ह्यो ऱ्हायला पायजे."

ओंकार चाकणला कंपनीत, पहिल्या पाळीला. तो गेला नाही की सुपरवायझरचा फोन आईला. गेल्या वर्षात त्याला एकवीस वेळा ताप आला, चारदा पोट दुखलं आणि एक चुलत आजी दोनदा वारली. सगळी आईची कामगिरी. रावेतहून शिकवायला येणाऱ्या निवेदिता मॅडमनी त्यावरच बोट ठेवलं. "मावशी, तुम्ही झाकता म्हणून तो पितो. एकदा खरं सांगा."

"कळतंय वो. पण फोन आला की जीभच खोट्याकडं वळती."

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास, मॅडमनी मधोमध रिकामी खुर्ची ठेवली.

"शालनमावशी, इथे तुमचा माणूस बसलाय समजा. नाव घ्या आणि मनातलं बोला."

मॅडमच्या मनात ओंकार. पण मराठी बाईला 'नाव घ्या' म्हटल्यावर काय होणार? बारांतली सगळ्यात तरुण मोनिका फिस्सकन हसली, "घ्या, घ्या, मावशी!" शालनबाईंचा हात पदराकडे गेला. मागून कुणी तरी कुजबुजलं, "अगं, त्या विधवा आहेत." तोवर उखाणा सुटला होता.

"अंगणात तुळस, तुळशीला पार,
आबाजीराव आले, उघडा दार."

हसू आलं ते अर्ध्यावरच राहिलं. दाराजवळच्या पद्माबाई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बाहेर कोणी नव्हतं. तरी बायकांनी वाट द्यावी तसे पाय आखडून घेतले. मी मोजलं, दाराशी उभ्या पद्माबाई सोडून अकराच्या अकरा. मग हॉलभर हातभट्टीचा आंबूस वास पसरला.

"खालून येतोय, थिनर असेल," मॅडम म्हणाल्या. पण नवऱ्याची दारू ओळखायला या बायकांना प्रशिक्षण लागत नव्हतं. एकीने खिडकी उघडली, दुसरीने उदबत्ती शोधली. सवय!

शालनबाई खुर्चीकडे न बघता हळू आवाजात बोलली, "तुमाला आमी लई झाकलं. आता पोराला सोडा."

खुर्ची करकरली, कुणी उठून जावं तशी. आणि दोन मिनिटांत शालनबाईंचा फोन वाजला.

"स्पीकरवर टाका," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. फोन ओंकारच्या सुपरवायझरचा, रणजीतचा. महिन्यापूर्वीच बदलून आलेला माणूस.

"काकी, ओंकार..."

"पिऊन पडलाय," शालनबाई एका दमात म्हणाली. "ताप न्हाई, काय न्हाई. सकाळी मी निघाले तवा ओट्यावर पडला हुता."

पलीकडे रणजीतने यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवला.

"कमाल आहे, काकी. तो ठीक आहे का, एवढंच विचारणार होतो. आत्ताच तुमच्या घरचे गेटवर येऊन सांगून गेले ना, पोराला ताप आहे म्हणून."

"कोन घरचे?"

"वडील म्हणाले. उंच, डावा पाय ओढत चालणारे. राग मानू नका, पण तेही घेऊनच आले होते."

पद्माबाईंनी तोंडावर हात धरला. आबाजीरावांचं ते ओढत चालणं चिखलीत सगळ्यांनी पाहिलेलं.

शालनबाई रडली नाही. उलट तिला, देवाशपथ, हसू आलं.

"उभ्या जन्मात दुसऱ्यासाठी येक खोटं बोललं न्हाईत. आमीच बोलायचो. आता फेड कराया निघालेत!" मग फोन तोंडाजवळ धरून म्हणाली, "रणजीतभाऊ, नीट ऐका. ते परत येतील. रोज येतील. गोड बोलतील. त्यांचं ऐकायचं न्हाई. ओंकारचं खरं काय ते मी सांगनार."

"पण वडील..."

"ते वारल्याला दोन वर्सं झाली, भाऊ."

फोन पलीकडून बंद झाला. शालनबाईंनी पदर खोचला.

"मॅडम, ते दारू सोडवायच्या दवाखान्याचं म्हनत हुता ना? रिक्षा बोलवा. ते गेटवरनं घरी पोचायच्या आत मला पोराला उचलायचंय."