सरपणाची मच्छरदाणी

सांगून कोणाला पटायचं नाही, पण एका घरात सरपण मच्छरदाणी लावून झोपत असे. हसू नका. चांगली निळी मच्छरदाणी, चारी कोपऱ्यांना दोऱ्या, कडा गादीखाली नीट खोचलेल्या. रात्री ते सरपण कूस बदले, खोकला आला की तोंडात पदर कोंबे आणि पहाटे उठून स्वतःपुरता चहा करी.

सरपण म्हणजे त्या घरची धाकटी सून.

तिचा नवरा आजारी पडला तेव्हा दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. दुखणं आणलं त्याने, ताट वेगळं झालं तिचं. तो शेवटपर्यंत आईच्या हातून घास घेत गेला. तो गेल्यावर हिची वळकटी पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या सरपणाच्या खोलीत गेली. त्याचा पेला अजून घरातल्या फळीवर होता, सासूबाई तो रोज घासून ठेवत. हिचा पेला बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा.

दवाखान्यातल्या गोळ्यांनी अंगात ताकद आली होती. कपडे शिवून ती पोट भरी. बोलायला मात्र कोणी नाही. मग मशीनलाच म्हणे, "दोरा तोडू नकोस गं बाई, तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

सासूबाईंनी आपणहून दिली ती एकच वस्तू, मच्छरदाणी. ती हातात आली तेव्हा तिला भरून आलं होतं. तेवढ्यात पत्र्यापलीकडून सासूबाई जावेला सांगताना ऐकू आल्या, "डास तिला चावायचे, मग येऊन आपल्या बाळाला चावायचे. त्यापेक्षा तिलाच जाळीत ठेवलेली बरी." त्या रात्री तिने कडा जरा जास्तच घट्ट खोचल्या.

एके सकाळी आरोग्य पाहणीवाल्या ताई घरात आल्या. पत्र्यापलीकडे हिने मशीन थांबवलं. ताईंनी मलेरिया तपासायला बाळाच्या बोटाला सुई टोचली. बाळ रडलं, तसे हिचे हात नकळत पुढे झाले आणि पत्र्याला लागून थांबले.

"काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं, आजी?"

सासूबाईंनी नावं सांगितली. थोरला मुलगा, थोरली सून, त्यांचं बाळ, आपण स्वतः. झालं.

"आणि मागच्या खोलीत?"

"तिथं कोण असणार? सरपण."

"येताना खिडकीतून मच्छरदाणी दिसली."

"वाळवी लागते ना लाकडाला!"

"वाळवी मच्छरदाणीला घाबरते होय?"

"आमच्याकडची घाबरते," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. जावेला हसू फुटलं, तिने ते खोकल्यात दडवलं. पलीकडे हिलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं, तिचं तिलाच नवल वाटलं.

ताईंनी पुढचा प्रश्न काढला. "डास चावून एचआयव्ही होतो, असं वाटतं तुम्हाला?"

"वाटायचं काय त्यात? होतोच!"

"उत्तर लिहिते तुमचं. पण खरं सांगू? नाही होत. डासाने मलेरिया होतो, हा नाही. एका ताटात जेवूनही होत नाही."

 पत्र्याला कान लावून ती वाट पाहत राहिली. आता तरी सांगतील. आता म्हणतील, मागे माझी सून आहे.

"शेवटचं विचारते. घरात कोणाला हा आजार झाला, तर सांभाळाल?"

"म्हणजे काय, ताई! माणसं आहोत का कोण आम्ही?" सासूबाईंचा आवाज दाटून आला. "पोटच्या पोरीसारखं सांभाळू. शेजारी बसवून जेवू घालू. एकटं म्हणून पडू देणार नाही!"

ताईंची पेन्सिल कागदावर टेकली.

"खोटं!"

पत्रा थरथरला. ताईंनी मान वर केली. बाळ रडायचं थांबलं.

"खोटं आहे, आई! काल रात्री मी इथेच झोपले होते. परवाही. त्यांच्या पेल्यासारखा माझाही पेला आत घ्या, नाहीतर माणसं म्हणवू नका. लिहा, ताई. सरपण खोडा आणि मला लिहा."