धुतलेली फरशी

वडील गेले आणि त्यांचा बंद पडलेला क्रोमच्या मुलाम्याचा कारखाना थोरल्या लेकीच्या गळ्यात आला. तिला तो विकून एकदाचं मोकळं व्हायचं होतं. शेजारचा सुतार घ्यायला तयार होता. अट एकच, तपासणीत जागा स्वच्छ निघाली पाहिजे.

तपासनिसाने फरशी खरवडून नमुने नेले. निकाल आला: स्वच्छ! आम्ही शेजारी चाट पडलो. त्या कारखान्याच्या दारातलं गटार आम्ही जन्मभर क्रोमच्या विषाने पिवळंच पाहिलेलं. पण आयतं नशीब उलटंपालटं करून कोण बघतो? थोरलीने बघितलं.

"काका, फरशी इतकी लख्ख कशी?"

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. उभा जन्म मुलाम्याच्या टाकीपाशी गेलेला. छाती काढून म्हणाले, "परका माणूस येणार, आधी धुवायला नको? बोटाचा ठसा राहिला तरी मुलामा सुटतो, बाळ. घासघासून काढली!"

"आणि ते पाणी कुठे गेलं?"

काकांनी टाकीच्या बुडाशी फरशीला पडलेली भेग दाखवली. दाखवता दाखवताच त्यांचा चेहरा उतरला.

थोरलीने तपासनिसाला परत बोलावलं. सुतार धावत आला. "ताई, पास झालेला पेपर कुणी पुन्हा देतं का? करा सही!"

"इथे तुमच्या यंत्रांचे पाये खणणार कोण? तुमचीच पोरं ना?"

"हो."

"मग थांबा."

फरशी फोडली. खालची माती हळदीसारखी पिवळी. सुतार सही न करताच घरी गेला. धाकटी बहीण फोनवर कडाडली, "झालं समाधान? आता काय हार घालणार आहेत तुला?"

"घातला तर निम्मा तुला पाठवते," थोरली म्हणाली आणि खणणाऱ्यांकडे वळली.

माती झाकणबंद पिंपांत भरून जात राहिली. नमुना खराब निघाला की आणखी खोल खणायचं. काकाही हातमोजे चढवून हजर. त्यांना एकच ताकीद: पाण्याच्या नळीला हात लावायचा नाही. बिचारे दिवसभर नळीकडे पाठ करून उभे राहत. थोरली हटवादी आहे हे आम्हाला ठाऊक होतंच. तो हट्ट इतक्या कामाचा असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

शेवटी तळाची, कडेची, सगळी माती चांगली निघाली. रोज भिंतीवरून डोकावणारा सुतार त्या दिवशी दारातून आला, सरळ खड्ड्यात उतरला आणि खिशातून टेप काढून मापं घ्यायला लागला.

"अहो, आधी सही करा," थोरली वरून ओरडली, "मग मोजा!"