अकरावा बेड

पाठीमागे सगळं ऑफिस तिला कुलूपबाई म्हणायचं, आणि तिला ते ठाऊक होतं. म्हणेनात का! पाच माणसांच्या संस्थेत एक तरी कुलूप लागतंच, नाहीतर आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं.

संस्थेचं काम साधं. घरी आजारी माणूस असलेल्यांना हॉस्पिटलसारखा बेड, व्हीलचेअर, वॉकर वापरायला द्यायचे आणि गरज संपली की परत आणायचे. दिलेल्या प्रत्येक वस्तूचा कॉम्प्युटरवर एक फोल्डर, आणि ते फोल्डर ऑफिसातल्या पाचही जणांना आपापल्या मोबाईलवर दिसायचे. दिसायचे, म्हणजे सापडले तर. कुणी फोल्डरला नाव दिलं होतं 'नवीन', कुणी 'नवीन नवीन', आणि व्हीलचेअरची चाकं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी 'हाच बघा'. 'वॉकर' उघडला तर आत ड्रायव्हरकाकांच्या भाचीच्या लग्नाचे बहात्तर फोटो. एरवी तिनं काकांना चांगलं फैलावर घेतलं असतं. या वेळी फोटो मुकाट्यानं बाजूला काढले, आणि पुढचा फोल्डर उघडला.

तिची थोरली बहीण जाऊन नऊ आठवडे झाले होते. दोघीच राहायच्या. ताई गेल्यापासून तिला काही होतच नव्हतं. रडू नाही, झोप उडाली असंही नाही. भाजीत मीठ राहिलं तरी तशीच खायची. लोक भेटायला आले तेव्हा तिनंच त्यांना चहा करून दिला आणि जाताना छत्र्या विसरू नका म्हणून सांगितलं.

फोल्डर लावायचं काम तिनंच मागून घेतलं. डॉक्टरांनी, म्हणजे संस्था काढणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सावकाश करा. घाई नाही." तिला घाईच होती. तीन दिवसांत तिनं दोनशे चौदा फोल्डर सरळ केले. 'चालू' एकीकडे, 'बंद' दुसरीकडे. वस्तू परत आली, कारण लिहिलं, चारी बाजूंनी फोटो टाकले, की फोल्डर 'चालू'मधून 'बंद'मध्ये. फोटोत बेड सपाट हवा आणि माणूस कुणी नको, हा तिचाच जुना नियम. कारणाच्या रकान्यात सगळे एकच लिहायचे, 'गरज संपली'. माणूस उठून चालायला लागला तरी तेच, आणि गेला तरी तेच. तिनंच हे शेकडो वेळा लिहिलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं शेवटचं काम केलं. परतीची तारीख उलटून गेलेले फोल्डर लाल दिसतील अशी सोय केली आणि बेडची यादी उघडली. अकरा बेड, अकराही बाहेर, आणि एकही लाल नाही.

हे काही खरं नव्हतं. एक तरी लाल दिसायलाच हवा होता. तो बेड तिच्या घरी होता.

तिला माहीत नव्हतं असं नाही. रोज सकाळी ती त्या बेडला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची, खोलीत मधोमध खांब असावा तशी. तो परत करायचा असतो, हे मात्र नऊ आठवड्यांत एकदाही मनात आलं नव्हतं. आणि दुसऱ्या कुणी दोन दिवस उशीर केला, तर हीच बाई सकाळ-संध्याकाळ फोन करायची!

तिनं ताईचा फोल्डर उघडला. परतीची तारीख, येता रविवार. ही तारीख तिनं घातलेली नव्हती. कुणी काय बदललं याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो, तिनं ती काढली. खरी तारीख सात आठवड्यांपूर्वीच गेली होती. तेव्हापासून दर आठवड्याला कुणीतरी ती गुपचूप सात दिवस पुढे ढकलत होतं. ड्रायव्हरकाकांनी तीनदा. फोन घेणाऱ्या मुलीनं दोनदा. मिस्त्रींनी एकदा. आणि एकदा चक्क डॉक्टरांनी, ज्यांना साधा फोटो उघडायला सुद्धा दुसरं माणूस लागायचं.

तिनं नोंद दोनदा वाचली. आत काही हललं नाही.

तेवढ्यात अकरा वाजले आणि फोन वाजला. अकराला कोण, हे सगळ्या ऑफिसला पाठ होतं. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस होता, त्याच्या बायकोचं पाठीचं हाड मोडलं होतं. पाच आठवडे तो रोज न चुकता अकराला विचारायचा, "बेड मोकळा झाला का हो?" फोन घेणारी मुलगी चहाला गेली असली की कुलूपबाईच फोन घ्यायची, आणि शांतपणे सांगायची, "अकराही बेड बाहेर आहेत. झाला की कळवतो."

मुलीनं हात पुढे केला, पण तिनं आधी फोन उचलला.

"बाई, तुम्हीच आहात होय," तो म्हणाला. "रोज त्रास देतो, रागावू नका. गादी जमिनीवर टाकलीय. तिला उठवताना ती ओरडते, आणि मग माझा दिवसभर कामात हात स्थिर राहत नाही."

"आज चारला येतो बेड," ती म्हणाली. "घरी थांबा."

तिनं फोन ठेवला तेव्हा मुलगी रडवेली झाली होती.

"मॅडम, तुम्ही काही बोलतच नव्हता. आम्हाला कळेना कसं विचारायचं."

"आणि या माणसाला काय सांगत होतीस रोज?"

"तुम्ही सांगायचा तेच."

कुलूपबाईनं तारखेच्या जागी आजची तारीख घातली, कारणाच्या रकान्यात 'गरज संपली' लिहिलं, पर्स उचलली आणि काकांना म्हणाली, "टेम्पो काढा."

घराशी आल्यावर काका चपला काढून दारातच घुटमळले. हाच बेड त्यांनीच इथं आणून जोडला होता, आणि "जावईबापू आले की काय गं एवढ्या थाटात?" असं विचारून ताईनं त्यांना हसवलं होतं.

बेडची डोक्याकडची बाजू अजून वर होती, ताई उशीला टेकून बसायची तेवढी. काका पायाशी असलेल्या हँडलकडे वाकले.

"मी करतो, बाई."

"नको, मला सवय आहे."

ती खाली बसली आणि हँडल फिरवायला लागली. पूर्ण सपाट व्हायला अठरा फेरे. पण ताईला सपाट झोपलं की धाप लागायची. त्यामुळे रोज झोपताना बाराव्या फेऱ्याला ती वरून ओरडायची, "बस गं बस! पुरतेस की काय मला?" दहा झाले. अकरा झाले. बारावा झाला आणि तिचा हात आपोआप थांबला.

ती तशीच बसून राहिली. वाट बघत.

काकांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं तिनं तेरावा फेरा फिरवला, मग चौदावा, मग उरलेले सगळे. बेड सपाट झाला. ती गादीच्या काठावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. नऊ आठवड्यांचं रडू, ते काय थांबतंय!

"बाई, राहू द्या," काका म्हणाले. "मी सांगतो त्यांना, उद्या आणतो म्हणून."

"अजिबात नाही." तिनं नाक पुसलं. "ती बाई जमिनीवर झोपलीय. काढा फोटो."

ती उठून भिंतीशी उभी राहिली, आणि काकांनी चार फोटो काढले. तिसऱ्यात तिचं कोपर आलं होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं तो परत पाठवला असता. तिनं तो तसाच फोल्डरमध्ये टाकला, फोल्डर 'बंद'मध्ये हलवला आणि बेडचं एक टोक उचललं.